कूलरमधले राक्षस आणि ब्लेडनं कापलेलं संगीत

धान कापून झालं की आमच्याकडे, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, नाटकांचे दिवस सुरू होतात. भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया म्हणजे जत्रा, कुठे त्यासोबत शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री सुरू होऊन पहाटे उजाडेपर्यंत चालणारं झाडीपट्टीचं नाटक. त्या दिवसांत आमच्या दुकानावरची बैठक मोडते, कारण आमच्यातला एक जण नाटक कंपनीत ऑर्गन वाजवतो आणि तो रात्री जागून दिवसा झोपतो. एरवी संध्याकाळी चार डोकी जमतात. ऑर्गनवाला, मंडप-साउंडचा धंदा असलेला एक दोस्त, ब्रह्मपुरीला बीएस्सी करणारी माझी भाची सुटीत असली तर ती, आणि मी. मी मोबाईल दुरुस्त करतो. याच टेबलावर माझे बाबा टेपरेकॉर्डर उघडून बसायचे.

चौघांना एकच खोड लागलीय, ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेची. भाचीनं लावली. आधी नवे भाग पाहिले, मग मागे मागे जात थेट काळ्या-पांढऱ्या पहिल्या भागापर्यंत पोचलो. तो सुरू झाला, ती सुप्रसिद्ध धून वाजली, आणि साउंडवाला म्हणाला, “हे सारं कम्प्युटरनं केलेलं हाय. बटन दाबलं का झालं.”

ऑर्गनवाल्यानं तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटता घोटता मान वर केली. “१९६३ साली कायचा कम्प्युटर बे?”

त्यावरून जे भांडण लागलं ते आठवडाभर पुरलं. मग मी आणि भाचीनं बसून वाचलं, ऐकलं, आणि जे समजलं ते इथे लिहितो आहे. साउंडवाल्यालाही हेच सांगितलं. त्यानं अर्धं मान्य केलं.

आधी मालिकेची ओळख दोन वाक्यांत. डॉक्टर नावाचा एक परग्रहवासी पोलिसांना फोन करायच्या जुन्या निळ्या खोक्यासारख्या दिसणाऱ्या यानातून, म्हणजे टारडिसमधून, काळात पुढे-मागे हिंडतो. मरणाच्या दारात पोचला की त्याचं शरीर बदलतं, म्हणून नट बदलले तरी मालिका चालू राहते. पहिला भाग बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ च्या शनिवारी संध्याकाळी लागला. आदल्याच दिवशी अमेरिकेत केनेडींची हत्या झाली होती, त्यामुळे लोकांचं लक्ष भलतीकडेच होतं आणि पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला पुन्हा दाखवावा लागला. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. आणि पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा, वय अवघं चोवीस! हे कळल्यावर ऑर्गनवाल्याची छाती उगाच फुगली, जसा काही लखनौ आपल्या वडसा लाईनवरच आहे.

आता धुनेकडे येऊ.

आज ज्याला आपण सिंथेसायझर म्हणतो, तो तेव्हा बाजारात नव्हता. रॉबर्ट मूगचा पहिला नमुना १९६४ चा. बीबीसीकडे जे होतं ते म्हणजे रेडिओफोनिक वर्कशॉप, १९५८ साली लंडनच्या मेडा व्हेल भागातल्या स्टुडिओत काढलेला एक छोटा विभाग. ती इमारत मुळात चाकांच्या स्केटिंगसाठी बांधलेली. विभागाचं काम असं की नाटकवाल्यांना, रेडिओवाल्यांना जगात नसलेला आवाज हवा असेल तर तो बनवून द्यायचा. हत्यारं काय? टेपरेकॉर्डर. वायरिंग तपासायला इंजिनिअर वापरतात तसले ऑसिलेटर, म्हणजे एकच सपाट सूर ‘ऊऽऽऽ’ करत सोडणारे डबे. फिल्टर. ब्लेड, चिकटपट्टी, खुणा करायची पेन्सिल.

धून लिहिली रॉन ग्रेनर या ऑस्ट्रेलियन संगीतकारानं. लिहिली म्हणजे कागदावर. एकाच पानावर चाल, खालचा ठेका, आणि मधेमधे शब्द: इथे ‘वाऱ्याचा बुडबुडा’, इथे ‘ढग’. झाडीपट्टीत लेखक जसं संहितेत नुसतं ‘भयाण संगीत’ लिहून मोकळा होतो आणि पुढचं ऑर्गनवाल्याच्या डोक्यावर, तसंच हे. तो कागद आला डेलिया डर्बीशायर या बाईच्या टेबलावर.

ही बाई १९३७ ची, कॉव्हेंट्रीची. लहानपणी त्या शहरावर बॉम्ब पडताना वाजणारे भोंगे तिनं ऐकले होते, आणि तेच आपलं पहिलं आधुनिक संगीत असं ती पुढे सांगायची. केंब्रिजमधून गणित आणि संगीत शिकली. एका रेकॉर्ड कंपनीत नोकरी मागायला गेली तर स्टुडिओत आम्ही बायका घेत नाही, असं उत्तर मिळालं. १९६० मध्ये बीबीसीत लागली, १९६२ मध्ये वर्कशॉपमध्ये आली. गणित आणि संगीत ही जोडी लक्षात असू द्या, कारण पुढचं सगळं काम या जोडीचंच आहे.

धुनेत खाली जो ‘डुम् डडुम् डुम् डडुम्’ चालतो, तो कुणी वाजवलेलाच नाही. एक तार एकदा छेडली. तो एक टण्‌कार टेपवर घेतला. बस. पुढचे सगळे सूर त्या एकाच टण्‌कारातून काढले.

कसे? ज्यांनी जुन्या टेपरेकॉर्डरचे सेल उतरताना ऐकलेत त्यांना हे शिकवायला नको. सेल उतरला की फीत हळू पळते आणि गाणारी बाई गाता गाता बुवा होते. फितीचा वेग कमी तर सूर खाली, वेग जास्त तर सूर वर. यात हिशेब पक्का आहे: वेग बरोबर दुप्पट केला तर ‘सा’चा वरचा ‘सा’ मिळतो. जवळपास दीडपट केला तर ‘प’ मिळतो. म्हणजे एक टण्‌कार हाती असेल तर वेगाचं गणित मांडून अख्खं सप्तक उभं करता येतं. डर्बीशायर आणि तिचा मदतनीस डिक मिल्स यांनी तेच केलं. प्रत्येक सुरासाठी वेग बदलून नवी नक्कल घेतली.

मग लय. चांगल्या यंत्रावर फीत सेकंदाला १५ इंच पळते. आता सूर अर्धा सेकंद ऐकू यायला हवा असेल तर फितीचा तुकडा किती? साडेसात इंच, एक वीतही नाही. पाव सेकंदाला पावणेचार इंच. म्हणजे लय मोजायची ती मात्रांत नाही, इंचांत! ब्लेडनं तुकडा कापायचा, पुढच्याला चिकटपट्टीनं जोडायचा, की पुढचा. सूर थोडा जोरात हवा तर आधी जोरात नक्कल करून तो तुकडा घ्यायचा. दोन-सव्वादोन मिनिटांच्या धुनेत असे किती सांधे असतील, हे ऑर्गनवाला बोटांवर मोजायला लागला आणि सोडून दिलं.

माझ्या बाबांचं कॅसेट जोडणं मला आठवतं. फीत तुटली की पेन्सिल घालून चक्री फिरवायची, दोन टोकं जुळवायची, नेलपॉलिशचा ठिपका. गाण्यात त्या जागी एक छोटा गचका कायमचा राहायचा. आमच्या घरच्या एका भजनाच्या कॅसेटमध्ये विठ्ठलाचं नाव ‘विठ्ल’ असंच यायचं, आणि ते मला इतकं पाठ झालं की दुसरीकडे नीट म्हटलेलं चुकीचं वाटायचं. एका सांध्याची ही गत. या बाईनं अख्खी धूनच सांध्यांची केली, आणि गचका कुठेच जाणवत नाही.

वरची चाल मात्र तुकड्यांतून नव्हे, ऑसिलेटरमधून आली. त्या डब्याला एक चकती असते. फिरवली की सूर वर-खाली जातो. मधे पायऱ्या नाहीत, ऑर्गनसारख्या पट्ट्या नाहीत. म्हणून ती चाल एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारत नाही, घसरत जाते. आपल्याकडे याला मींड म्हणतात. सारंगीवर बोट सरकतं, तिथे चकतीवर हात सरकला. ते भूत रडल्यासारखं जे वाटतं ते या मींडेमुळे, आणि माझ्या मते त्या चालीचा सगळा जीव तिथेच आहे.

तिसरा थर ढगांचा आणि बुडबुड्यांचा. त्यासाठी घेतला पांढरा गोंगाट, म्हणजे सगळे सूर एकाच वेळी सारख्या प्रमाणात: जुन्या टीव्हीवर मुंग्या आल्या की येणारा खर्रर्र. तो फिल्टरमधून गाळला. फिल्टर म्हणजे काय ते कळायला टिनाच्या छपरावर पाऊस सुरू असताना दोन्ही कानांवर हातांच्या ओंजळी धरून उघडझाक करा. पाऊस तोच, पण आवाज ‘व्हूऽऽश व्हाऽऽश’ असा श्वास घ्यायला लागतो. काही सूर अडवले, काही सोडले, इतकंच.

आता अशा तीन लांब फिती झाल्या, आणि त्या एकत्र वाजवायच्या. आजच्या मिक्सरवर वेगवेगळे ट्रॅक एकाखाली एक दिसतात. तेव्हा तसलं काही नव्हतं. तीन फिती तीन यंत्रांवर चढवायच्या, ‘एक, दोन, तीन’ म्हणून एकदम सोडायच्या, आणि चौथ्या यंत्रावर उतरवून घ्यायच्या. जरा पुढेमागे झालं की पुन्हा. एकदा तर असं झालं की धून एकाच जागी सतत फसायची आणि चूक कोणत्या फितीत ते सापडेना. मग त्यांनी तिन्ही फिती इमारतीतल्या सगळ्यात लांब ओसरीत जमिनीवर शेजारी शेजारी अंथरल्या आणि सांधे जुळतात का ते पाहत पाहत चालत गेले. एका जागी एका फितीचा सांधा बाजूच्यांपेक्षा सरकलेला. सापडली चूक! म्हणजे बेसूर शोधला तो डोळ्यांनी.

हे ऐकल्यावर साउंडवाला पहिल्यांदा गप्प झाला. त्याला वायर अंथरून तुटलेली जागा शोधायचं काम महिन्यातून चार वेळा करावं लागतं.

ग्रेनरनं तयार धून ऐकली तेव्हा त्यानं विचारलं म्हणे, हे मी लिहिलंय? आणि डर्बीशायर म्हणाली, बरंचसं. तिला सहसंगीतकार म्हणून श्रेय आणि मानधनाचा वाटा द्यायची त्याची तयारी होती, पण पगारी माणसाचं नाव द्यायचं नाही हा बीबीसीचा नियम. पडद्यावर तिचं नाव या धुनेसाठी पहिल्यांदा आलं ते २०१३ साली, मालिकेच्या पन्नाशीच्या विशेष भागात. ती २००१ मध्येच गेली होती. ऑर्गनवाला यावर एवढंच बोलला, “आमचं नाव पाम्प्लेटवर साऱ्यात खाली राह्यते. पण राह्यते तरी.”

पुढे धून बदलत गेली. १९८० मध्ये पीटर हॉवेलनं ती सिंथेसायझरवर नव्यानं केली, २००५ मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हा मरी गोल्डनं वाद्यवृंदाचा थाट चढवला. भाचीला गोल्डची आवडते, अंगावर काटा येतो म्हणते. मला ती लग्नाच्या बॅण्डसारखी वाटते. जोरदार, पण भीती गेली. यावर आमचं अजून पटलेलं नाही.

धुनेइतकंच नाव टारडिसच्या आवाजाचं. यान निघताना आणि उतरताना जी घरघर, धाप लागल्यासारखी कण्हण्याची ती हाक येते, ती ब्रायन हॉजसननं केली. एक जुना, मोडका पियानो, त्याच्या खालच्या सुरांच्या जाड तारा, आणि त्यावर घासलेली आईच्या घरच्या दाराची किल्ली. जाड ताराच का? कारण त्या साध्या नसतात, पोलादी तारेवर तांब्याची बारीक तार गच्च गुंडाळलेली असते. किल्ली त्या एकेका वेढ्यावर ठेचकाळत जाते आणि खर्रर्र असा आवाज निघतो. गोणपाटावर नख ओढून पाहा. मग तो आवाज टेपवर घेऊन कापला, उलटा फिरवला, त्यावर प्रतिध्वनी चढवला. उलटा फिरवण्यात गंमत आहे. जगातला कुठलाही ठोका आधी जोरात येतो आणि मग विरतो. उलटा केला की तो आधी शून्यातून फुगत येतो आणि अचानक तुटतो. कानाला हे ओळखीचं नसतं, म्हणून काहीतरी आपल्याकडे येतंय असं वाटतं.

आणि डॅलेक. मिरपुडीच्या डबीसारखे दिसणारे ते राक्षस, ज्यांचा आवाज ऐकून ब्रिटनमधली पोरं सोफ्यामागे लपायची. त्यांचा आवाज विदर्भातल्या प्रत्येक पोट्ट्यानं उन्हाळ्यात स्वतः काढलेला आहे. दुपारी ४५ डिग्रीत कूलरसमोर बसून ‘आऽऽऽ’ करायचं, पंख्याची पाती आवाज चिरतात आणि ‘अ-अ-अ-अ’ होतं. तीन पात्यांचा पंखा सेकंदाला दहा फेरे मारत असेल तर आवाज सेकंदाला ३० वेळा कापला जातो. डॅलेकसाठी नटाचा आवाज रिंग मॉड्युलेटर नावाच्या डब्यातून जायचा, आणि तिथे त्याचा गुणाकार व्हायचा सेकंदाला साधारण ३० थरथरींच्या एका सुराशी.

गुणाकार म्हटल्यावर लोक बिचकतात, पण परिणाम सोपा आहे. नटाच्या आवाजात समजा २०० थरथरींचा सूर आहे. डब्यातून बाहेर येताना २०० गायब. त्याच्या जागी २३० आणि १७०, म्हणजे तीस वर आणि तीस खाली. प्रत्येक सुराचं असं होतं. माणसाच्या आवाजातले सूर एकमेकांशी पाढ्यासारखे बांधलेले असतात: २००, ४००, ६००. डब्यातून गेल्यावर तो पाढा मोडतो, आणि पाढा मोडला की मेंदू म्हणतो हा माणूस नव्हे. कूलर आणि डॅलेकमधला फरक इथे आहे: कूलर नुसता आवाज चिरतो, मूळ सूर शिल्लक राहतो. म्हणून आपण कूलरसमोर गंमतशीर वाटतो, भीतिदायक नाही.

स्टुडिओत हे सगळं चित्रण सुरू असतानाच व्हायचं. डॅलेकच्या पोटात एक माणूस बसून तो ढकलायचा, बोलणारा नट बाजूला माइकवर. डोक्यावरचे दिवे शब्दांबरोबर उघडझाक व्हायचे. व्हिडिओ टेप कापून जोडणं तेव्हा इतकं महाग आणि किचकट होतं की बहुतेक भाग जवळपास सलग खेळावे लागत. नट अडखळला तरी पुढे जायचं. पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल कधी वाक्य चुकतात ते म्हणूनच तसंच राहिलेलं आहे. आमच्याकडे लाईन गेली तरी नाटक थांबत नाही, नट अंधारात मोठ्यानं बोलत राहतो आणि तबलेवाला ठेका धरून ठेवतो. तसलाच तो प्रकार.

सुरुवातीच्या शीर्षकात धुरासारखे आकार फाटत वर जातात, तेही साउंडवाल्याला कम्प्युटरचंच वाटलं होतं. ते बर्नार्ड लॉजचं काम, आणि त्यामागचं कारण साउंडवाल्याला लगेच समजलं. माइक स्पीकरसमोर धरला की ‘कुईऽऽऽ’ होतं ना? स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा पुन्हा स्पीकरमध्ये. तेच चित्राचं करायचं. कॅमेरा अशा टीव्हीवर रोखायचा ज्यावर त्याच कॅमेऱ्याचं चित्र येतंय. सलूनमध्ये समोरासमोरच्या आरशांत जसं आपलं डोकं एकामागे एक दिसत जातं, तशी चित्रात चित्रं तयार होतात, पण दर फेरीला जरा बिघडत, उजळत. थोडा प्रकाश हलवला की ते उकळायला लागतं.

मालिकेच्या जुन्या भागांपैकी नव्वदीच्या घरातले भाग आज पाहायला मिळत नाहीत. १९६७ ते १९७८ या काळात बीबीसीनं टेप पुसून पुन्हा वापरल्या. टेप महाग, आणि पुन्हा कोण पाहणार असा हिशेब. काही भागांच्या परदेशी विकलेल्या फिल्म नंतर सापडल्या, २०१३ साली तर नायजेरियातून नऊ भाग मिळाले. पण मला भारी वाटतं ते दुसरंच. हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज शिल्लक आहे, एकूण एक. कारण ब्रिटनमधली काही पोरं दर शनिवारी टीव्हीला टेपरेकॉर्डर लावून, कुणी नुसता स्पीकरसमोर माइक धरून, घरच्यांना गप्प बसवून तो उतरवून ठेवत होती. चित्र उतरवायचं साधन घरात नव्हतं, आवाजाचं होतं. डर्बीशायरच्या स्वतःच्या २६७ टेपसुद्धा अशाच, तिच्या मृत्यूनंतर माळ्यावर कॉर्नफ्लेक्ससारख्या न्याहारीच्या रिकाम्या खोक्यांत निघाल्या. माझ्या बाबांच्या कॅसेट मी दोन पोती भंगारात घातल्या. त्यावर काय काय होतं ते आता आठवत बसायचं.

एवढं सगळं झाल्यावर साउंडवाला म्हणाला, “पियानो नाही तर नाही, करून तर पाहू.” सायकलच्या ब्रेकची तार पिळाची असते, तिलाही वेढे असतात. ती त्यानं तेलाच्या रिकाम्या पिप्यावर खिळे ठोकून ताणली. मी दुकानाच्या कुलपाची किल्ली घासली, भाचीनं मोबाईलवर उतरवलं आणि वेग चौथाई केला, म्हणजे सूर बरोबर दोन सप्तकं खाली, लांबी चौपट. मग उलटा. पहिल्या दहा वेळा नुसती गिरणीचा पट्टा घसरल्यासारखी कुरकुर. अकराव्यांदा तार जरा सैल केली आणि किल्ली आडवी नाही, लांबीच्या बाजूनं ओढली, तेव्हा कुठे ती धाप लागल्यासारखी हाक आली.

ऑर्गनवाला ती पेनड्राइव्हवर घेऊन गेला. या हंगामात त्यांच्या नाटकात मेलेला जमीनदार परत येतो तिथे त्यानं ती लावली. दुसऱ्या दिवशी दुकानावर आला तो डोळे चोळतच. विचारलं, काय झालं? म्हणाला, पुढच्या रांगेतला एक म्हातारा बाजूच्याला विचारत होता, “कोनाचा ट्रॅक्टर फसला बा?”

“मंग आता?”

“अजून हळू कर,” तो म्हणाला, “आन् तार जाड घे.”